पोर्शे ९४४ घेताय? या चुका टाळा

पोर्शे ९४४ ही ९११ च्या मानाने आजही बरीच स्वस्तात मिळते, आणि चुकांची सुरुवात तिथेच होते. गाडी स्वस्त म्हणून तिची कामंही स्वस्तात उरकायची, असं आधीच्या दोन-तीन मालकांनी केलेलं असतं. ‘ही गाडी सतत खर्च काढते’ असं म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा अशीच एखादी कामं उरकलेली गाडी पाहिलेली असते.

या गाडीचा जन्म समजून घेतला तर पुढच्या बऱ्याच गोष्टी उलगडतात. सत्तरच्या दशकात फोक्सवॅगनने पोर्शेकडे एका स्पोर्ट्स कारचं काम दिलं होतं. प्रकल्पाचं नाव ईए ४२५. तेलसंकटानंतर फोक्सवॅगनने त्यातून अंग काढून घेतलं. पोर्शेने आपलाच आराखडा परत विकत घेतला आणि नेकार्सुल्मच्या आउडी-एनएसयू कारखान्यात गाडी बनवून घेतली. ती ९२४. तिच्यात आउडीकडचं १९८४ सीसीचं, १२५ अश्वशक्तीचं इंजिन होतं, म्हणून ‘ही खरी पोर्शे नाही’ असं बरेच जण म्हणत. त्याला उत्तर म्हणून १९८१ मध्ये ९४४ आली. इंजिन पोर्शेचं स्वतःचं, २४७९ सीसी, युरोपात १६३ अश्वशक्ती. चारच सिलिंडर आणि प्रत्येक जवळपास ६२० सीसीचा, म्हणजे थरथर ठरलेली. ती मारायला मित्सुबिशीच्या परवान्याने दोन बॅलन्स शाफ्ट बसवले. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांशी, म्हणून वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. वळणावर ही गाडी जशी नेमकी आणि शांत वागते, ते याच मांडणीमुळे. नवख्या हातालाही ती सांभाळून घेते, आणि चाळीस वर्षांनंतरही लोक तिच्यासाठी जीव टाकतात.

टायमिंग बेल्टच्या बाबतीत तोंडी शब्दावर विसंबणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. टायमिंग बेल्ट म्हणजे क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांचा मेळ राखणारा दातेरी रबरी पट्टा. ९२४ च्या दोन लिटर इंजिनात बेल्ट तुटला तर गाडी बंद पडते, टोचन करून आणायची आणि नवा बेल्ट घालायचा. ९४४ मध्ये तसं नाही. बेल्ट तुटला किंवा दोन-चार दात सरकला, तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात आणि व्हॉल्व्ह वाकतात. मग हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवल्याशिवाय सुटका नाही. ९२४ एसमध्येही ९४४ चंच इंजिन आहे, तेव्हा नावातल्या ९२४ वर जाऊ नका.

बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही, असंच धरून चाला. बेल्टची मुदत ५०,००० किलोमीटर किंवा ४ वर्षं, जे आधी होईल ते. गाडी उभी राहिली तरी रबराचं वय वाढतंच.

नुसता बेल्ट बदलणं म्हणजे अर्धं काम. पुढे दोन बेल्ट असतात: एक कॅमशाफ्टचा, दुसरा दोन्ही बाजूंना दात असलेला, बॅलन्स शाफ्टचा. दोन्ही एकदमच बदलायचे. सोबत रोलर आणि पुढची ऑइल सील पाहायची. क्रँक, कॅम आणि बॅलन्स शाफ्टच्या सीलमधून तेल पाझरत असेल तर नवा बेल्टही त्या तेलात भिजून फुगतो. वॉटर पंप कॅमच्या बेल्टवरच फिरतो. त्याचं बेअरिंग जाम झालं की तोच बेल्टचे दात सोलतो. म्हणून पंपाचं वय माहीत नसेल तर तोही याच वेळी बदला.

इंजिन क्रँकच्या बोल्टवर २४ मिमीचा सॉकेट लावून हाताने, घड्याळाच्या दिशेनेच फिरवायचं. बेलहाउसिंगच्या (इंजिनमागचं क्लचचं आवरण) खिडकीतून फ्लायव्हीलवर ‘ओटी’ ही खूण दिसली पाहिजे (जर्मनमध्ये पिस्टनच्या सर्वात वरच्या स्थितीचं लघुरूप) आणि त्याच वेळी कॅमच्या पुलीची खूण मागच्या कव्हरच्या खाचेशी जुळली पाहिजे. बॅलन्स शाफ्टच्या खुणाही जुळवायच्या. बेल्ट चढवल्यावर क्रँकचे पूर्ण दोन फेरे मारून सगळ्या खुणा पुन्हा पाहा. काम झाल्यावर इंजिन चालतं, पण स्टिअरिंग आणि आरसे थरथरतात, असं झालं तर बॅलन्स शाफ्टचा एखादा दात चुकलाय. इंजिन माउंट बदलत बसू नका, आधी खुणा तपासा.

ताण बोटांनी पिळून ठरवणं ही मिस्त्री मंडळींची नेहमीची सवय. या इंजिनाला ती चालत नाही. ताण मोजायचं गेज घ्या आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच मोजा, कारण अॅल्युमिनियमचं इंजिन तापलं की फुगतं आणि बेल्ट आपोआप ताणला जातो. फार घट्ट बेल्ट शीळ घातल्यासारखा आवाज करतो आणि पंपाचं बेअरिंग खातो. नवा बेल्ट सुरुवातीला सैलावतो, म्हणून साधारण ३,००० किलोमीटरनंतर ताण पुन्हा तपासायचा. १९८७ पासूनच्या गाड्यांत स्प्रिंगचा टेन्शनर आहे; तो स्वतःहून ताण धरत राहतो असं समजू नका, बोल्ट ढिला करून त्याला पुन्हा बसवावं लागतं.

१६ व्हॉल्व्हच्या ९४४ एस आणि एस २ मध्ये आणखी एक जागा आहे: दोन कॅमशाफ्टमधली छोटी चेन. तिच्या टेन्शनरवरचे प्लास्टिकचे पॅड ठिसूळ होऊन तुटतात, आणि मग दोन्ही कॅमशाफ्ट जातात. व्हॉल्व्ह कव्हर उघडून पॅड डोळ्यांनी पाहा.

कूलंटमध्ये तेल दिसलं की हेड उतरवणं

कूलंटच्या टाकीचं झाकण काढलं आणि आत तपकिरी, साईसारखा थर दिसला. ‘हेड गॅस्केट गेली’ असं तिथल्या तिथे ठरतं आणि हजारोंचं काम सुरू होतं. थांबा, आधी डिपस्टिक काढा. तेल स्वच्छ असेल आणि घाण फक्त कूलंटमध्ये असेल, तर टर्बो नसलेल्या ९४४ मध्ये पहिला संशय ऑइल कूलरच्या सीलवर घ्यायचा. हा कूलर इंजिनाच्या बाजूला, पाण्याच्या वाटेतच बसवलेला असतो. तेलाचा दाब पाण्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून सील फाटली की तेल पाण्यात जातं, पाणी तेलात येत नाही. टर्बोचा कूलर वेगळा, हवेवर थंड होणारा आहे, तिला हे लागू नाही.

सील बदलताना होणारी चूक मात्र इंजिन घालवू शकते. ऑइल प्रेशरचा रिलीफ व्हॉल्व्ह त्याच हाउसिंगमधून जातो. हाउसिंग मध्यावर बसवायचं खास हत्यार न वापरता अंदाजाने बोल्ट आवळले, तर व्हॉल्व्ह अडकतो, प्रेशर पडतं आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग जातात.

नंतर कूलंटचा मार्ग डिशवॉशरच्या पावडरीने धुवा. ती फेस करत नाही आणि तेल सोडवते. पाणी स्वच्छ येईपर्यंत चार-पाच वेळा तरी भरून काढावं लागतं. मग हवा काढायची: गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, हेडच्या पुढच्या पाण्याच्या नळीवरचा ब्लीड स्क्रू उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट सावकाश ओता. स्क्रू पोकळ आणि नाजूक आहे, जोर लावला की तुटतो. ही पायरी वगळली तर आत अडकलेल्या हवेने इंजिन तापतं, आणि तेव्हा हेड गॅस्केट खरोखरच जाते.

सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही

पंप, इंजेक्टर, कॉइल असे एकामागून एक भाग बदलू नका. सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहा. काटा जरा थरथरला तर सेन्सर सिग्नल देताहेत आणि डीएमई म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला वीज मिळतेय. मग पेट्रोलकडे वळा. काटा शून्यावरच चिकटून राहिला तर आधी डीएमई रिले. त्यातले डाख तडकतात. गाडी तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने मुकाट सुरू होते. रिले काढून ३०, ८७ आणि ८७बी ही टर्मिनल तारेने जोडा. गाडी सुरू झाली तर दोष सापडला. ती तार तशीच ठेवून फिरू नका, अपघातात इंजिन थांबलं तरी पेट्रोल पंप चालूच राहील. नवा रिले घ्या आणि एक डिकीत जादा ठेवा.

रिले चांगला असेल तर बेलहाउसिंगवरचे दोन सेन्सर. रेफरन्स सेन्सरची फट ०.८ मिमी हवी. दोन्हींचे प्लग सारखेच दिसतात आणि अदलाबदल झाली तर गाडी सुरूच होत नाही, म्हणून काढण्याआधी खूण करा.

क्लच म्हणजे फक्त क्लच प्लेट, असा हिशेब

मूळ प्लेटच्या मधोमध धक्के शोषणारं रबर असतं. ते फाटायला आलं की ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना ‘ठक’ असा आवाज येतो, आणि एक दिवस इंजिन फिरतं पण गाडी हलत नाही. प्लेटपर्यंत पोहोचायला एक्झॉस्ट, मागचा गिअरबॉक्स आणि टॉर्क ट्यूब (इंजिनला गिअरबॉक्सशी जोडणारी, आत शाफ्ट असलेली नळी) उतरवावी लागते. इतकं उघडल्यावर स्प्रिंगची प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग, क्रँकची मागची सील आणि वर सांगितलेले दोन्ही सेन्सर बदलून टाका. टॉर्क ट्यूबचा शाफ्ट हाताने फिरवून पाहा. बेअरिंग कोरडी असतील तर खरखर लगेच कळते.

आणखी काही

इंजिनवरच्या पेट्रोलच्या रबरी नळ्या जुन्या असतील तर गाडी घरी चालवत आणण्याआधी बदला. या गाड्यांना लागलेल्या आगींमागे बऱ्याचदा याच नळ्या असतात.

गाडी खाली बसवायची असेल तर १९८५ च्या मध्यानंतरच्या, सस्पेन्शनच्या अॅल्युमिनियम आर्मकडे लक्ष द्या. कोन बदलला की बॉल जॉइंटची पिन तुटू शकते, आणि तो जॉइंट मूळ आर्ममध्ये सुटा बदलता येत नाही. चाकं घेताना ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या बाजूचं अंतर) विचारा: आधीच्या गाड्यांना सुमारे २३ मिमी, १९८७ पासून ५२ मिमी. बोल्टची ठेवण दोन्हींकडे ५×१३० असल्याने चुकीचं चाक चढतं खरं, पण नीट बसत नाही.

मागची काच फ्रेमला फक्त चिकटवलेली आहे. स्पॉयलरच्या एका कोपऱ्यावर हात ठेवून डिकी आपटली की हळूहळू चिकटवण सुटतं आणि पाणी आत येतं. दोन्ही हात मध्याच्या जवळ ठेवून दाबा, आणि दोन्ही बाजूंच्या पिना सारख्या उंचीवर आहेत का ते पाहा. एक पिन खाली राहिली की प्रत्येक वेळी काच थोडी पिळली जाते.