ब्राँझची देवीमूर्ती: घासताना आणि घेताना या चुका टाळा

नवरात्र जवळ आले की देवघरातील तांब्या-पितळेची भांडी चिंच किंवा मीठ-लिंबू लावून घासायला निघतात, आणि त्यांच्याबरोबर देवीची ब्राँझची मूर्तीही निघते. ही सर्वांत मोठी चूक होय. ताम्हनाचा पृष्ठभाग सपाट असल्यामुळे मीठ पाण्याबरोबर निघून जाते; मूर्तीच्या मुकुटाच्या खाचांत, कमरपट्ट्याच्या कडेला आणि बोटांच्या बेचक्यांत मात्र ते अडकून राहते. तमिळनाडूतील स्वामीमलईहून आणलेल्या आमच्या पार्वतीला मी स्वतः अनेक वर्षे असेच घासत होते. एका पावसाळ्यात तिच्या गळ्यातील हाराखाली फिकट हिरवे, खडूच्या भुकटीसारखे ठिपके दिसले. पुसले की ते जात आणि काही दिवसांनी त्याच जागी परत येत.

असे ठिपके दिसल्यास प्रथम त्यांचा पोत पाहावा. गुळगुळीत, घट्ट बसलेला तपकिरी किंवा गडद हिरवा थर हा धातूचे रक्षण करणारा असतो आणि त्याला हात लावू नये. काडीने सहज सुटणारी फिकट हिरवी भुकटी मात्र मिठातील क्लोराइड ब्राँझमधील तांब्याला खात असल्याची खूण असते. हवेतील ओलावा मिळत राहिला की ही क्रिया आपोआप चालू राहते, म्हणून किनारपट्टीवरील घरांत ती विशेष दिसते. अशा वेळी पुन्हा आंबट पदार्थ लावणे म्हणजे दुखणे वाढवणे. भुकटी बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने कोरडीच काढावी, मूर्ती ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्याने धुऊन कोमट हवेने पूर्ण वाळवावी आणि काही आठवडे ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावी. ठिपके तरीही परतले, किंवा मूर्ती जुनी असली, तर घरगुती उपाय थांबवून धातुसंवर्धकाला दाखवावे.

घासण्याचा दुसरा तोटा समजण्यासाठी मूर्ती कशी घडते ते माहीत हवे. तमिळनाडूत कुंभकोणमजवळच्या स्वामीमलईत स्थपती मधमाश्यांच्या मेणात राळ मिसळून आधी मेणाची मूर्ती घडवतात, तिच्यावर कावेरीकाठच्या बारीक मातीचे थर देतात, तापवून मेण वाहू देतात आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथातही याच पद्धतीचे वर्णन आहे. साचा फोडूनच मूर्ती बाहेर निघत असल्याने तिची जुळी कधीच नसते. त्यानंतर दिवसचे दिवस छिन्नीने कोरीवकाम चालते आणि डोळे शेवटी उघडले जातात. ती पापणीची रेघ इतकी उथळ असते की दरवर्षीच्या घासण्याच्या पावडरीने आणि काथ्याने ती पुसट होत जाते. देवळांतील कित्येक चोळकालीन मूर्तींचे चेहरे शतकानुशतकांच्या स्नानाने आणि घासण्याने गुळगुळीत झाले आहेत. एरवी कोरडे सुती कापड पुरेसे आहे. पंचामृताचा अभिषेक टाकावर किंवा सुपारीवर करावा. दही आणि मध खाचांत राहिले तर तेही धातूला बाधतात.

खरेदी करताना केवळ वजनावर किंवा ‘पंचधातू’ या शब्दावर विसंबू नये. अशा मूर्तीत बहुतांश तांबेच असते. सोने-चांदी असलीच तर नावापुरती, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे मोजणे व्यर्थ आहे. त्यापेक्षा मूर्ती फिरवून पाठ पाहावी. वेणी, वस्त्राच्या चुण्या आणि दागिन्यांच्या गाठी मागेही तेवढ्याच निगुतीने कोरलेल्या असतील आणि बोटे एकमेकांपासून सुटी दिसत असतील, तर हाताचे काम ओळखता येते. तयार मूर्तीवरून साचा घेऊन काढलेल्या नकलेत कडा बोथट होतात.

हातात फूल घेतलेली प्रत्येक उभी देवी लक्ष्मी समजणे हीही नेहमीची चूक आहे. दक्षिणी परंपरेत विष्णूच्या उजवीकडे उभ्या श्रीदेवीच्या (लक्ष्मीच्या) छातीवर कुचबंध, म्हणजे स्तनांवरून बांधलेली पट्टी, असतो आणि कमळ डाव्या हातात असते. डावीकडच्या भूदेवीला कुचबंध नसतो आणि नीलोत्पल (निळे कमळ) उजव्या हातात असते. पार्वतीही पुष्कळदा उजव्या हातात फूल धरण्याच्या मुद्रेत, डावा हात सैल सोडून उभी असते. जोडीतील एकच मूर्ती घेतली तर ती कोणाची हे विक्रेत्याला विचारण्याआधी स्वतः पाहावे.

‘फार जुनी’ म्हणून दाखवलेल्या मूर्तीच्या मोहात पडू नये. हिरवा रंग रसायनांनीही आणता येतो. आणि मूर्ती खरोखरच शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल, तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार तिची नोंदणी लागते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील मुलांसाठी नवी मूर्ती पाठवणाऱ्यांनी खरेदीची पावती जपावी आणि ती पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधीच काढून ठेवावा.