नर्मदेची खंड परिक्रमा : चुका होतात त्या सांध्यांवर

"माताजी, पिछले साल परिक्रमा कहाँ रखी थी?" राजपीपल्याच्या पुढे एका आश्रमात महाराजांनी विचारलं. मी म्हटलं, राजपीपला. ते म्हणाले, "गाँव नहीं पूछ रहा. घाट? आश्रम? पेड?"

मला सांगता येईना. आदल्या वर्षी सुट्टी संपत आली होती, परतीची गाडी गाठायची होती. म्हणून शेवटच्या मुक्कामापासून बसस्टँडपर्यंतचे सहाएक किलोमीटर आम्ही रिक्षाने गेलो होतो. यंदा आलो, स्टँडवर उतरलो आणि तिथूनच चालायला लागलो. ते सहा किलोमीटर दोन वर्षांच्या मधल्या फटीत पडले होते, आणि आमच्या ते ध्यानीमनीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने मागे गेलो, जुना मुक्काम शोधला आणि तिथून चालत आलो. एक दिवस गेला, पण मन निवांत झालं.

नोकरी, मुलं, म्हातारी माणसं सांभाळून ज्यांना एका दमात परिक्रमा जमत नाही ते ती तुकड्यातुकड्यांनी करतात. तीच खंड परिक्रमा. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने समुद्रापर्यंत, तिथून उत्तर तटाने अमरकंटकच्या उगमापर्यंत आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर, अशी आमची वाट. नदी १,३१२ किलोमीटरची. दोन्ही काठ धरले की २,६०० च्या वर, आणि धरणांच्या फुगवट्यांना घालावे लागणारे वळसे धरले तर त्याहून बरंच जास्त. थांबत थांबत चालण्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची जी जुनी परिक्रमा, तीही चातुर्मासात एका जागी बसतेच. आम्ही गेल्या सहा वर्षांत पाच टप्पे केले. चालताना आमचं फारसं चुकलं नाही. चुकलं ते दोन टप्प्यांच्या सांध्यावर : कुठे थांबलो, घरी कसे गेलो, मधलं वर्ष काय केलं आणि पुन्हा पाऊल कसं टाकलं. म्हणून हे लिहिते आहे.

थांबल्याची खूण न ठेवणं

राजपीपल्याचं वर आलंच. यावर उपाय साधा आहे. शेवटच्या मुक्कामाचा शिक्का वहीत घ्या, त्याखाली तारीख, तिथी आणि नेमकी जागा लिहा. फोटो काढा, पण नुसता घाटाचा नको. सरदार सरोवराच्या फुगवट्यात हे फार महत्त्वाचं आहे. पावसाळ्यानंतर पाणी चढलेलं असतं, उन्हाळ्यात ते खूप खाली जातं. बडवानीजवळच्या राजघाटाला ज्या पायरीवर तुम्ही मे महिन्यात नमस्कार केला ती नोव्हेंबरात पाण्याखाली असू शकते. फोटोत पाण्यापासून लांबची एखादी पक्की गोष्ट येऊ द्या. वड, शाळेची इमारत, मंदिराचा कळस, काहीही चालेल. पुढच्या वेळी त्याच वडाखाली उभं राहून "नर्मदे हर" म्हणायचं आणि निघायचं.

वाहनाने गेलेला तुकडा "पुढे कधीतरी भरून काढू" म्हणून सोडू नका. तो भरला जात नाही.

सुट्टी बघून टप्पे पाडणं

पंधरा दिवस रजा आहे ना, मग पंधरा दिवस चालू, जिथे पोचू तिथे थांबू. बहुतेकांची सुरुवात अशीच होते, आमचीही झाली. पण वाट सारखी नाही. काही पट्टे मध्ये तोडायचेच नसतात.

पहिला शूलपाणीच्या झाडीचा. दक्षिण तटाने बडवानी सोडलं की बोकराटा, घोंगसा, भादल असं करत वाट सातपुड्याच्या डोंगरांत शिरते, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून जाते आणि मग गुजरातेत उतरते. चढ-उतार सतत, बसची सोय तुटपुंजी, मोबाइलला रेंज कुठे असते कुठे नसते. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना लुटत असत, हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. आज त्याच पाड्यांतली माणसं हाक मारून थांबवतात, चहा पाजतात, घरातली भाकरी देतात. झाडीच्या मध्यावर रजा संपली तर बाहेर पडायला एक दिवस आणि पुढच्या वर्षी आत यायला एक दिवस जातो, शिवाय अंगात मुरलेली चढाची सवय मोडते. बडवानी ते राजपीपला एका दमात करा.

दुसरा समुद्राचा. इथली चूक सगळ्यात महाग पडते. अंकलेश्वर दक्षिण तटावर, भरूच उत्तर तटावर, मध्ये पूल. दोन्हीकडे रेल्वे. कागदावर सांधा जोडायला यासारखी जागा नाही. मग कुणी अंकलेश्वरला थांबतो आणि पुढल्या वर्षी सरळ भरूचला उतरून चालू लागतो. परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, ओलांडायची नसते. अंकलेश्वरहून हांसोटमार्गे कठपोर-विमलेश्वरला जायचं, तिथून होडीने रेवासागर संगम पार करून मिठी तलाईला उतरायचं, आणि मग भरूच. हे गाळलं तर परिक्रमा मधोमध तुटली.

होडी भरतीवर सुटते, आपल्या घड्याळावर नाही. पहाटे, अपरात्री, कधीही. आम्ही कठपोरला दीड दिवस बसून होतो. रात्री हाक आली तेव्हा अंधारात, गुडघाभर चिखलातून, पिशवी डोक्यावर घेऊन होडीपर्यंत गेलो. कोकणातल्या माणसाला उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांनी एवढं करा : राजपीपला ते भरूच हा एकच टप्पा धरा आणि त्यात दोन दिवस मोकळे ठेवा. परतीचं तिकीट त्या दोन दिवसांनंतरचं काढा. मोकळे दिवस उरले तर भरूचहून पुढे नारेश्वरपर्यंत चाला, तिथे रंगअवधूत महाराजांच्या स्थानी थांबा. आणि ज्यांना टेंबेस्वामींच्या समाधीवरच टप्पा पुरा करायचा असेल त्यांनी गरुडेश्वरचा हिशेब आधीपासूनच धरावा.

घरी जाताना मैया ओलांडणं

अखंड परिक्रमेत हा प्रश्नच येत नाही. खंड परिक्रमेत तो प्रत्येक वर्षी येतो आणि बहुतेकांना तो गाडी पुलावर धडधडायला लागल्यावर आठवतो.

दक्षिण तटावरून परतणं सोपं आहे. ओंकारेश्वरहून सनावदमार्गे खंडव्याला या, तिथून भुसावळची गाडी धरा. मध्ये नर्मदा येत नाही. इंदूरला जायला निघालात तर मात्र मोरटक्क्याच्या पुढे बडवाहच्या अलीकडे पूल येतोच. अंकलेश्वरहून सुरत, मुंबई, तेही निर्वेध. पण उत्तर तटावर थांबलात की महाराष्ट्रात यायला मैया ओलांडावीच लागते : भरूचला, नाहीतर जबलपूरहून इटारसीकडे येताना. अपवाद एकच, अमरकंटक. तिथे उगमाला मागून वळसा घातला की पेंड्रारोड, बिलासपूर, नागपूर अशी वाट आहे.

मग काय करायचं? याबाबत साधूंची मतं एकसारखी नाहीत. काही म्हणतात, टप्पा ठेवला की व्रत तिथे मैयाजवळ ठेवलं, घरी जाताना ओलांडलं तरी दोष नाही, फक्त पुढचं पाऊल त्याच जागी पडलं पाहिजे. काही इतके सैल नसतात. मला पहिलं पटतं, कारण दुसरं धरलं तर संसारी माणसाला उत्तर तट चालताच येणार नाही. पण तुम्ही जे मानाल ते ओंकारेश्वरला संकल्प सोडतानाच ठरवा आणि संकल्पात स्पष्ट म्हणा की ही खंड परिक्रमा आहे. मधल्या वर्षात कुणी काही बोललं की मन खातं, आणि तेव्हा ठरवायला बसणं फार जड जातं.

टप्पा ठेवताना पूजा करा, नारळ वाढवा, कढई (शिऱ्याचा नैवेद्य) करा, कुमारिकांना जेवू घाला. न सांगता निघून येऊ नका.

याच्याच पोटातली दोन छोटी चुकांची ठिकाणं. ओंकारेश्वराचं ज्योतिर्लिंग मांधाता बेटावर आहे, म्हणजे प्रवाह ओलांडून. परिक्रमा उचलल्यावर तिकडे जायचं नाही, दर्शन ममलेश्वराचं घ्यायचं. परिक्रमा पुरी होईपर्यंत, वर्षं कितीही लागोत, ज्योतिर्लिंगाला लांबूनच हात जोडायचे, ही तयारी हवी. आणि अमरकंटकला पेंड्रारोडहून येऊन टप्पा सुरू करणार असाल तर बाजारात भटकताना जपा. गावातून जाणारं ते लहानसं पाणी नर्मदाच आहे. वळसा माई की बगियाकडून घ्यायचा.

कुपीचं काय करायचं?

हे मी कुठे वाचलं नव्हतं, म्हणून नीट सांगते. परिक्रमेत नर्मदाजलाची छोटी कुपी बरोबर असते, रोज तिची पूजा होते. पहिल्या टप्प्यानंतर ती मी घरी आणून देवघरात ठेवली. साधी प्लास्टिकची, निळ्या बुचाची बाटली. दिवाळीच्या आवराआवरीत सासूबाईंनी देव घासायला काढले, त्यांना ते जुनं पाणी वाटलं, त्यांनी भक्तिभावाने तुळशीला घातलं. मी संध्याकाळी घरी आले तर बाटली विसळून पालथी ठेवलेली. त्यांना काय बोलणार? मी रडले, मग त्याही रडल्या.

पुढच्या टप्प्याच्या सुरुवातीला एका वृद्ध माताजींना विचारलं. त्या म्हणाल्या, जिथे थांबलीस तिथेच स्नान कर, नवं जल भर, संकल्प पुन्हा म्हण आणि चल. "मैया ने तुलसी पी ली, और क्या." तेव्हापासून कुपी तांब्याची, फिरकीच्या झाकणाची, लाल कापडात बांधलेली आणि त्यावर चिठ्ठी. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलेली. प्रवासात ती सॅकमध्ये टाकू नका, गळते. गळ्यातल्या पिशवीत ठेवा.

मागच्या वर्षीचे पाय धरून चालणं

मागचा टप्पा संपताना तुम्ही दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर सहज चालत होतात. वर्षभर खुर्चीत बसून परत आलात आणि पहिल्याच दिवशी पंचवीस मारले. तिसऱ्या दिवशी टाचेला फोड, नडगी ठणकते, अंगठ्याचं नख काळं. मन गेल्या वर्षीच्या शेवटावर असतं, पाय मात्र पुन्हा शून्यावर आलेले असतात. पहिले तीन दिवस दहा-बारा किलोमीटरच्या वर जाऊ नका. निघायच्या आधी दोन महिने, आठवड्यातून दोनदा, भरलेली सॅक पाठीवर घेऊन चाला. बूट नवे असतील तर ते तेव्हाच वापरून रुळवून घ्या आणि एक माप मोठे घ्या, कारण उतारावर बोटं पुढे आपटतात. भेगांना रात्री कोकमाचं मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) गरम करून लावा. झाडीत माझ्याकडचं मुठेल चार जणींनी वापरलं.

मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय हाताने चाचपून बघा. आश्रमात जेवणाची वेळ आपल्या हातात नसते. सकाळी साखरेचा चहा, दुपारी कधी टिक्कड (जाड रोटी), कधी सदाव्रताचा, म्हणजे दान म्हणून मिळणारा, शिधा घेऊन स्वतः रांधायचं. औषधं पूर्ण टप्प्याची बरोबर हवीत, आणि डॉक्टरांना हे वेळापत्रक आधी सांगा.

ऋतू

शाळेतल्या माणसांना दिवाळीची आणि मेची सुट्टी दिसते. दोन्ही वाईट. परिक्रमा उठते ती कार्तिकी एकादशीनंतर, दिवाळीत वाटा अजून गाळाने भरलेल्या असतात. मेमध्ये ऊन चालू देत नाही. रजा साठवा, डिसेंबर-जानेवारीत जा. फक्त अमरकंटकला, हजार मीटरच्या वर, तेव्हा कडाक्याची थंडी असते. तो टप्पा फेब्रुवारीत घ्या.

आणि स्नान काठावरच करा. वरच्या धरणांतून पाणी सुटलं की पातळी बघता बघता चढते. एप्रिल २००५ मध्ये धाराजीला जमलेले कितीतरी भाविक इंदिरा सागरातून सुटलेल्या पाण्यात वाहून गेले. भोंगा वाजला की सामान तसंच टाकून वर या.

शेवटच्या घरी हात हलवत परत जाणं

टप्प्याने चालणाऱ्याला एक सुख मिळतं जे अखंडवाल्याला मिळत नाही. मागच्या वर्षीचा शेवटचा मुक्काम हाच यंदाचा पहिला. तीच माणसं पुन्हा भेटतात. जाताना "फोटो भेजना" म्हणून सांगितलेलं असतं, आपण मान डोलावलेली असते, आणि बऱ्याच वेळा ते तिथेच राहतं. फोटो छापून न्या. मंडल्याच्या अलीकडे एका पत्र्याच्या घरातल्या अम्मांना मी त्यांच्या नातीचा फोटो दिला. त्यांनी तो पदराने पुसला, चुलीमागच्या पत्र्यावर खिळा ठोकला, खाली उतरल्या आणि आत हाक दिली (परिक्रमावासीला इकडे "मूर्ति" म्हणतात), "दो मूर्ति हैं, पिछले साल वाली. आटा ज्यादा गूँथना."

आता आमचा बर्मान घाटापासून नर्मदापुरम, हंडिया करत ओंकारेश्वरपर्यंतचा तुकडा उरला आहे. वहीत शेवटची नोंद आहे : बर्मान, दक्षिण तट, पिंपळाच्या पारापासून.