यूकेला नवीन आलात? कामाच्या आधी तब्येतीचं बघा

आपल्याकडून यूकेला येणारा माणूस बहुतेक वेळा ठणठणीतच येतो, कारण आजारी माणूस मुळात एवढा उपद्व्याप करतच नाही. घसरण सुरू होते नंतर, आणि ती इतकी हळू की चार-पाच वर्षं कळतही नाही. म्हणून आल्या आल्या, काहीही दुखत नसताना, एवढं करा.

आधी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. व्हिसासोबत वर्षाला १०३५ पाउंड हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा आकार, भरलाय ना (स्टुडंटला ७७६, हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना माफ), मग लाजायचं कशाला. इंग्लंडात रजिस्टर व्हायला पत्त्याचा पुरावा किंवा आयडी लागत नाही, रिसेप्शनवर कुणी अडवलं तर हे शांतपणे सांगा. इंग्लिशची अडचण असेल तर दुभाषा मागा, पैसे पडत नाहीत.

मग टीबीचं विचारा. व्हिसासाठीच्या एक्सरेत फक्त चालू टीबी दिसतो, अंगात झोपून राहिलेला नाही, त्याला वेगळी ब्लड टेस्ट असते. तुम्ही १६ ते ३५ वयाचे असाल आणि येऊन पाच वर्षं झाली नसतील तर जरूर विचारा.

आता शुगर, इथेच आपली मंडळी गंडतात. इकडचा रिपोर्ट वेगळ्या युनिटमध्ये येतो, फास्टिंग ७ बघून वाटतं अरे वा किती कमी, पण त्याला १८ ने गुणा, १२६ झाले, म्हणजे थेट डायबेटिसची रेषा! तसंच एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) ४८ म्हणजे आपलं ६.५ टक्के. वजनाचंही तेच, इंटरनेटवरचा चार्ट बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २५ पर्यंत ठीक म्हणतो पण दक्षिण आशियाई माणसाला २३ पासूनच धोका धरतात, कारण आपली चरबी पोटावर साठते, हातपाय काडीसारखे असले तरी. त्यात इकडे भाकरी-पालेभाजी सुटते, दुपारी मील डील (दुकानातलं सँडविच-वेफर्स-कोल्ड्रिंक) आणि रात्री फ्रोझन पराठे, मग काय होणार.

व्हिटॅमिन डी रोज १० मायक्रोग्रॅम, आणि आपल्या रंगाच्या लोकांनी फक्त हिवाळ्यात नाही तर वर्षभर. सुपरमार्केटात स्वस्त मिळतं.

मनाचं मात्र कुणी बोलत नाही. डिसेंबरात चारला अंधार, नवरा ऑफिसात, डिपेंडंट व्हिसावर आलेली बायको दिवसभर घरात एकटी आणि घरी फोन केला की "मजेत आहे गं आई", माझ्या मते सगळ्यात जास्त तब्येत इथेच बिघडते. इंग्लंडात एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) टॉकिंग थेरपीजला, म्हणजे समुपदेशनाला, जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव देता येतं, फुकट. लंडनजवळ असाल तर महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, नुसतं गणपतीलाच जायला पाहिजे असं काही नाही.

आणि आईबाबा फिरायला येणार असतील तर ट्रॅव्हल इन्शुरन्स काढाच, व्हिजिटरला हॉस्पिटलचं बिल येतं आणि ते एनएचएसच्या दराच्या दीडपट लावतात. बीपीच्या गोळ्या चिठ्ठीसकट, मूळ पाकिटातच आणायला सांगा.