पर्यटक वाढले, गावाला काय मिळालं? नियोजनातल्या या चुका टाळा

पहिली चूक मोजणीतच होते. किती पर्यटक आले हे सगळे सांगतात. त्यांनी खर्चलेल्या पैशातला किती इथेच राहिला, हे कुणी विचारत नाही. हॉटेल बाहेरच्या साखळीचं, किराणा बाहेरून, बुकिंगचं कमिशन भलत्याच शहरात. मग स्थानिकांच्या वाट्याला हंगामी नोकऱ्या आणि कचरा. स्थानिक खरेदी आणि नोकरभरतीची अट परवाना देतानाच घाला. हॉटेल उभं राहिल्यावर कोण ऐकतंय!

दुसरी चूक म्हणजे ‘आधी माणसं येऊ देत, सांडपाण्याचं मग बघू’. फिलिपीन्सच्या बोराकाय बेटावर हेच झालं. सांडपाणी थेट समुद्रात जाऊ लागलं आणि २०१८ मध्ये सरकारला अख्खं बेट सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागलं. त्यात रोजगार बुडाला तो तिथल्या कामगारांचा. खोल्यांना परवानगी देण्याआधी पाणी किती आहे आणि मैला कुठे जाणार, याचा हिशेब मांडा. हंगामात विहिरी आटू लागल्या, घरभाडी स्थानिकांना परवडेनाशी झाली, की मर्यादा ओलांडली असं समजा. अहवालाची वाट पाहू नका.

शुल्क लावलं की गर्दी आपोआप ओसरते, हाही एक भ्रम. व्हेनिसने २०२४ मध्ये एका दिवसासाठी येणाऱ्यांना ठरावीक दिवशी पाच युरो प्रवेशशुल्क लावलं. पण इतक्या पैशांसाठी सहल कोण रद्द करतं? भूतानचं शुल्क खरंच जाणवण्याइतकं आहे: २०२२ मध्ये भारतीय सोडून इतर परदेशी पर्यटकांना रात्रीला २०० डॉलर, पुढच्या वर्षी ते १०० वर आणलं. एवढं शुल्क जमणार नसेल तर सरळ संख्येवर मर्यादा घाला. थायलंडची माया बे २०१८ पासून तीन वर्षांहून जास्त काळ बंद होती. २०२२ मध्ये ती उघडली ती एका वेळच्या पर्यटकांची संख्या ठरवूनच, आणि बोटींनाही समोरच्या किनाऱ्याला लागायला बंदी घातली. मधल्या काळात उथळ पाण्यात शार्क परतले होते.

हॉटेलांवरच्या ‘इको’ म्हणजे पर्यावरणपूरक पाटीबद्दल फार लिहायला नको. वीज-पाण्याची बिलं आणि कचऱ्याचा हिशेब मागा, लगेच कळतं.

राहिला सगळी भिस्त पर्यटनावर टाकण्याचा प्रकार. २०२० मध्ये प्रवास थांबले, तेव्हा शेती-मासेमारी सोडून दिलेल्या कुटुंबांकडे दुसरं काहीच नव्हतं. जमीन विकून खोल्या बांधण्यापेक्षा आहे त्या घरातल्या एक-दोन खोल्यांपासून सुरुवात करा.