मुलांना घेऊन कारने कोकणात: प्रवास मजेत कसा करावा

मुंबई ते सावंतवाडी म्हणजे साधारण ५०० किलोमीटर. मे महिन्यात किंवा गणपतीत एवढ्या अंतराला अख्खा दिवस जातो, आणि पेण यायच्या आत मागच्या सीटवरून विचारणा सुरू होते, “अजून किती वेळ?” मुलांना काहीतरी काम दिलं की हा प्रश्न बराच पुढे ढकलता येतो. पुढची सगळी तयारी त्याच हिशेबाने सांगितली आहे.

१. सामान भरताना
प्रत्येक मुलाची एक छोटी पिशवी वेगळी करा आणि ती त्यालाच भरू द्या. एक जादा कपड्यांचा जोड, ओला नॅपकिन, जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं हाताशी ठेवा. डिकीत सगळ्यात खाली गेलेल्या बॅगेतले कपडे उलटी झाल्यावर काही कामाचे नसतात.

२. बसण्याची व्यवस्था
मुलं मागेच बसवा. लहानग्याला चाइल्ड सीट, मोठ्याला पट्टा. १४ वर्षांखालच्या मुलाला त्याशिवाय नेलं तर कायद्याने १,००० रुपये दंड आहे. “आजीच्या मांडीवर बसेल की” हे ऐकायला गोड वाटतं, पण जोरात ब्रेक लागला की आजीचे हात पुरे पडत नाहीत.

३. निघण्याची वेळ
पहाटे चारला निघालात तर मुलं पहिले दोन-तीन तास झोपेत काढतात. अट एकच: गाडी चालवणारा आदल्या रात्री लवकर झोपलेला हवा. बॅगा भरण्याचं काम त्याच्याकडे देऊ नका.

४. गाडी लागू नये म्हणून
कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे बराच टळतो. पण पुण्याहून ताम्हिणीने किंवा कराडहून कुंभार्लीने उतरणाऱ्यांची वळणं चुकत नाहीत. डोळे मोबाइलच्या पडद्यावर खिळलेले आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते, गाडी वळतेय. या गोंधळात मळमळतं. त्यामुळे घाटात मोबाइल आणि पुस्तक दोन्ही बंद. काच थोडी खाली करा, नजर लांबच्या डोंगरावर ठेवायला सांगा. निघताना पोटभर दूध पाजू नका. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, आल्याची वडी बरी. औषध द्यायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून आणि घाटाच्या बरंच आधी द्या.

५. खेळ
इथे खरी मजा आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला समुद्राकडे जातात आणि आपला महामार्ग उत्तर-दक्षिण धावतो, म्हणून तो त्यांना एकेक करून ओलांडतो. नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडला जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वराजवळ शास्त्री, राजापूरला अर्जुना. वहीत यादी लिहून द्या. पूल आला की खूण करायची. जगबुडी हे नाव ऐकून पोरं हमखास प्रश्न विचारतात, उत्तराची तयारी ठेवा.

दुसरा खेळ नंबरप्लेटचा. एमएच ०६ रायगड, ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग, ०९ कोल्हापूर, १२ पुणे. जिल्ह्याला एक गुण, गोव्याच्या गाडीला दोन.

तिसरा, गावांच्या भेंड्या. पेण, चिपळूण, मालवण, सगळी ‘ण’वर संपतात, त्यामुळे ‘ण’ला ‘न’ चालेल हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर वडखळपर्यंत भांडण.

६. थांबे
दोन तासांनी थांबायचंच, मुलं झोपली नसतील तर. हॉटेलात बसून जेवणापेक्षा पळायला मोकळी जागा महत्त्वाची. महाडला आत वळून चवदार तळं दाखवा आणि १९२७चा सत्याग्रह दोन वाक्यांत सांगा. चिपळूणच्या अलीकडे परशुराम मंदिराच्या डोंगरावरून वाशिष्ठीचं खोरं दिसतं, तिथे पाय मोकळे होतात. थांब्यावर “दोन मिनिटांत येतो” म्हणून मुलांना बंद गाडीत ठेवू नका. उन्हात गाडी फार लवकर तापते.

७. मोबाइल
पूर्ण बंदी टिकत नाही. सपाट रस्त्यावर, दुपारच्या जेवणानंतर, एक सिनेमा. त्याआधी मागितला तर पुढची नदी दाखवा.

८. परतीचा प्रवास
जाताना उत्साह असतो, येताना नसतो. तेव्हा नियम सैल सोडा. सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी पनवेलकडे येणाऱ्या गर्दीत अडकायचं नसेल तर भल्या सकाळी निघा, आणि “जेवूनच जा” म्हणणाऱ्या आजीला आदल्या रात्रीच डबा भरून द्यायला सांगा.