हिताची सीसाइड पार्क : निळ्या टेकडीला भेट देताना

जपानच्या इबाराकी प्रांतातील हिताचिनाका शहरात, पॅसिफिक महासागराच्या काठी वसलेल्या या उद्यानाला भेट देताना सर्वप्रथम ठरवावा तो महिना, कारण येथील मिहाराशी टेकडी ऋतूप्रमाणे रंग बदलते. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत ती नेमोफिलाच्या फुलांनी निळी होते, तर ऑक्टोबरच्या मध्यास कोचियाची गोलसर झुडपे लालभडक होतात. प्रथमच जाणाऱ्याने वसंतच निवडावा, असे माझे मत आहे. ट्यूलिपही बहुधा त्याच सुमारास बहरतात.

टोकियोच्या उएनो स्थानकातून जोबान मार्गावरील जलद गाडीने काट्सुता येथे उतरावे. प्रवासाला सुमारे सव्वा तास लागतो. या गाड्यांत सर्व आसने आरक्षित असतात, त्यामुळे तिकीट आधीच काढावे. पुढे स्थानकाच्या पूर्वेकडून बस मिळते.

एप्रिलअखेरीस जपानमध्ये सलग सुट्ट्या येतात आणि टेकडीवर माणसांची रीघ लागते. म्हणून शक्यतो त्याआधीचा कामाचा दिवस निवडून, दार उघडताच थेट टेकडी गाठावी. वर पोहोचल्यावर केवळ छायाचित्रे काढून परतू नये. वाटेच्या कडेला खाली बसून एक फूल जवळून पाहावे : पाच नाजूक पाकळ्या, कडेला आकाशी निळाई आणि मध्यभागी पांढरा ठिपका. रोपे जेमतेम वीतभर उंच असतात, त्यामुळे वाट सोडून आत पाऊल टाकू नये. समुद्राचा वारा थंड असतो; एप्रिलमध्येही अंगावर जाकीट असू द्यावे. उरलेले विस्तीर्ण उद्यान भाड्याच्या सायकलीवरून निवांत पाहता येते.