मोठा फ्युएल पंप टाकलात, पण रेग्युलेटर कोणता?

बरेच जण गाडीला तासाला २५५ लिटरवाला पंप बसवतात आणि रेग्युलेटर जुनाच ठेवतात, मग आयडलला पेट्रोलचा वास, प्लग काळेकुट्ट, ॲव्हरेजची वाट, आणि शिव्या पडतात पंपाला. पंपाची काही चूक नसते हो.

रेग्युलेटर म्हणजे एक बायपास व्हॉल्व्ह. रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, प्रेशर ठराविक ठेवायचं आणि उरलेलं पेट्रोल रिटर्न लाईनने टाकीत परत सोडायचं, एवढंच त्याचं काम. आता आयडलला इंजिन पितं तासाला साधारण एक लिटर, मग बाकीचे अडीचशे लिटर कुठे जाणार? सगळे रेग्युलेटरच्या त्या बारक्या भोकातून. ते कंपनीच्या छोट्या पंपाच्या हिशोबाने केलेलं असतं, म्हणून प्रेशर वर चढून बसतं. रेग्युलेटर घेताना लोक फुल थ्रॉटलचा विचार करतात, खरी परीक्षा आयडलला असते.

म्हणून आधी पंपाचा फ्लो चार्ट बघा. २५५ हा आकडा एका ठराविक प्रेशर आणि व्होल्टेजचा असतो, प्रेशर वाढलं की फ्लो कमी होतो, व्होल्टेज वाढलं की वाढतो. तुमच्या बेस प्रेशरला (व्हॅक्यूमचा पाईप काढलेला असतानाचं रेलचं प्रेशर), गाडी चालू असतानाच्या साडेतेरा व्होल्टला पंप जेवढं देतो तेवढं सगळं परत सोडू शकेल असा रेग्युलेटर घ्या. कार्ब्युरेटरवाला स्वस्तात मिळाला म्हणून उचलू नका, तो ३ ते ७ पीएसआयचा (पीएसआय हे प्रेशरचं माप) असतो, इंजेक्शनला शून्य उपयोग. टर्बो असेल तर बूस्ट रेफरन्सवाला, म्हणजे टर्बोने इनटेकमध्ये जेवढं प्रेशर (बूस्ट) वाढवलं तेवढंच पेट्रोलचंही वाढवणारा, एकास एक प्रमाणातला हवा, म्हणजे १५ पीएसआय बूस्टला ४३.५ चे ५८.५ होतात आणि इंजेक्टरच्या दोन्ही बाजूंच्या प्रेशरमधला फरक तेवढाच राहतो. इथेनॉल जास्त असलेलं इंधन वापरणार असाल तर रेग्युलेटरमधला डायफ्राम (लवचिक पडदा) त्याला चालणारा आहे ना ते विचारून घ्या.

गाडी रिटर्नलेस असेल, म्हणजे रेग्युलेटर टाकीतच असेल, तर बाहेर दुसरा लावून भागत नाही. वेगळी रिटर्न लाईन ओढावी लागते आणि आतला बंद करावा लागतो, नाहीतर दोघांपैकी ज्याचं सेटिंग कमी त्याचंच चालतं.

बसवताना आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा, इंजिन थंड होऊ द्या, आणि पाईप सोडताना खाली फडकं धरा कारण थोडं पेट्रोल तरी उडतंच. रेग्युलेटर रेलच्या नंतर, रिटर्नच्या बाजूला. पाईप इंजेक्शन प्रेशरचाच.

सेटिंग करताना इंजिन चालू, इनटेक मॅनिफोल्डमधून रेग्युलेटरला येणारा व्हॅक्यूमचा पाईप काढून त्याचं तोंड बंद, मग लॉकनट सैल करून स्क्रू हळूहळू फिरवा, आत गेला की प्रेशर वाढतं. बऱ्याच गाड्यांना ३ बार म्हणजे ४३.५ पीएसआय लागतं, पण तुमच्या मॅन्युअलमधला आकडा धरा. उगाच वाढवून ठेवू नका, ४३.५ वरून ५८ केलं की इंजेक्टर १५ टक्के जास्त सोडतात आणि ट्यूनिंगचं गणित बिघडतं. पाईप परत लावला की आयडलला ८-१० पीएसआय खाली यायला पाहिजे. आला नाही तर व्हॅक्यूम पोचत नाहीये, आणि त्या पाईपात पेट्रोल दिसलं तर डायफ्राम फाटलाय, तिथेच थांबा.

माझं काय झालं, नवीन रेग्युलेटर, स्क्रू पूर्ण बाहेर, तरी काटा ५५ वरून हलेना. दोन दिवस रेग्युलेटरलाच दोष दिला, शेवटी गाडीखाली झोपून बघितलं तर रिटर्नची जुनी पत्र्याची नळी एका वळणावर चेपलेली. नळी बदलली, मोठ्या मापाची टाकली, आणि काटा गपचूप ४३ वर आला.